कुलरच्या स्टँडवर चढलेला हा वेल काटवलाचा का? जाणकारांची मदत हवी

मंडळी, एका आपोआप उगवलेल्या वेलाची ओळख पटवून द्या. त्याच्यावरून घरात दोन तट पडलेत.

आम्ही नागपुरात, मानेवाड्याकडे राहतो. मागच्या खिडकीला कुलर आहे. उन्हाळाभर त्याची टाकी गळते, त्यामुळे खालची काळी माती कधी वाळतच नाही. पहिला पाऊस पडला आणि तिथं भिंतीला लागून एक कोंब वर आला. लावला कोणीच नाही. गेल्या पावसाळ्यातही त्याच जागी असंच काहीतरी वाढलं होतं आणि दिवाळीनंतर वाळून गेलं, म्हणून खाली कंद असावा असा माझा अंदाज. आता वेल स्टँडवरून पार कुलरच्या ताट्यांत शिरलाय.

सासूबाई भंडाऱ्याकडच्या. त्यांनी बघताक्षणी निकाल दिला, "काटवल आहे वं ते, उपटू नको." (काटवल म्हणजे पुण्या-मुंबईकडचं करटुलं.) शेजारच्या काकू म्हणतात शिवलिंगी आहे, फळं विषारी, लहान पोरं खेळतात तिथं ठेवूच नका.

मी पाहिलंय ते असं. खोड बारीक, गुळगुळीत. पानं देठाशी खोलगट, कडा किंचित दातेरी. काही साधी, काही तीन खंडांची, आणि दोन्ही प्रकार एकाच वेलावर. तणावे एकेरी आहेत, कुठेच फाटा नाही. शिवलिंगीचा तणावा टोकाला दुभंगतो आणि फुलं अगदी बारीक असतात, त्यामुळे काकूंचं म्हणणं मला पटत नाही. तोंडली नक्की नाही, तिचं फूल पांढरं. दोडक्याचा संशय आला होता, कारण दोडक्यासारखंच हेही फूल संध्याकाळी उमलतं. पण दोडक्याच्या तणाव्याला फाटे असतात आणि त्याची नर फुलं तुऱ्यात येतात. इथे पानाच्या बेचक्यात एकेकटंच फूल आहे, फिकट पिवळं, पाच पाकळ्यांचं. दिवेलागणीनंतर उघडतं आणि सकाळी मान टाकतं.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक फुलाच्या अगदी खाली, देठाच्या टोकाला, टोपड्यासारखं एक हिरवं पान असतं. कळी लहान असताना त्यात पुरती झाकलेली असते. फुलामागे काटेरी गाठ मात्र एकाही ठिकाणी दिसत नाही. पोळा होऊन गेला, फुलं रोज येतात आणि रोज गळतात, फळाचा पत्ता नाही.

काटवलात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, आणि बियांपासून आलेल्या रोपाचं काय निघेल ते फूल येईपर्यंत कळत नाही, एवढं मला माहीत आहे. शेतकरी आठ-दहा मादी वेलांमागे एखादा नर ठेवतात म्हणे. म्हणजे आमच्या नशिबी नेमका तो एकच आला की काय? बाजारात काटवलाचा भाव ऐकून पिशवी परत घडी घालणाऱ्यांना हे दुःख कळेल.

तर विचारायचं हे: फुलाखालचं ते टोपडं नराची खूण समजायची का? मादीच्या देठावर ते लहान असतं आणि बरंच खाली असतं, हे बरोबर आहे का? नर असेल तरी वेल ठेवणार आहे, पण शेजारी मादी कंद लावायचा तर आत्ता लावावा की वेल वाळल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी? पराग हाताने लावावा लागतो की रात्रीचे पतंग ते काम करतात? महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत काटवलाचे मादी कंद कोणी घेतलेत का? नसतील तर नागपुरात आणखी कुठे मिळतात?

फुलाचा फोटो संध्याकाळी उमललं की टाकते. कुलरच्या ताट्या काढायच्या आहेत, पण तुमचं उत्तर येईपर्यंत वेलाला हात लावत नाही.