अनुभव धागा: चुकलेलं आकाश

निळी शाई:
मागच्या महिन्यात माळा आवरताना बाबांच्या ट्रंकेत एक पुस्तक सापडलं. किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर घेतलेलं, आत पेन्सिलीने किंमत: दोन रुपये. १९४९ सालचं 'द काँक्वेस्ट ऑफ स्पेस'. मजकूर विली ले यांचा, चित्रं चेस्ली बोनस्टेल यांची. मजकुरापर्यंत मी अजून पोचलेलीच नाही.

बोनस्टेल मूळचा इमारतींची चित्रं काढणारा, पुढे हॉलिवूडच्या सिनेमांसाठी मागची दृश्यं रंगवणारा. त्यामुळे शनीच्या टायटन या चंद्रावर उभं राहिलं तर शनी केवढा दिसेल, याचा आधी हिशेब मांडायचा आणि मग असं रंगवायचं की फोटोच वाटावा. दोन्हीकडे बर्फाळ कडे, मध्ये गडद निळं आकाश आणि त्यात कोरीसारखा शनी. हे दृश्य त्याने पहिल्यांदा १९४४ साली 'लाइफ' मासिकासाठी रंगवलं होतं. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान खरोखर टायटनवर उतरलं, तेव्हा दिसलं काय, तर नारिंगी धुकं आणि गुळगुळीत गोटे. शनीबिनी काही नाही. चंद्राचीही तीच गत. बोनस्टेलचे डोंगर आपल्या सह्याद्रीच्या सुळक्यांसारखे, अपोलोवाल्यांना भेटली ती गोलमटोल टेकाडं.

तरी मला बोनस्टेलचाच टायटन हवा. तुमच्या हातात लहानपणी आलेली अशी अंतराळाची चित्रं कोणती? पोस्टाची तिकिटं, मासिकं, खेळणी, काहीही. एकच विनंती, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. नेटवरची चित्रं गोळा करून टाकू नका, ती सगळ्यांकडे आहेत.

डिंक शाबूत:
तिकिटं म्हणालात, आता थांबणं अवघड आहे.

आमच्या वर्गात १९७२-७३ च्या सुमारास तिकिटांचा बाजार भरायचा. भारताची तिकिटं फुकट, इंग्लंडच्या राणीला एक गोटी, आणि अंतराळाचं तिकीट असेल तर मागाल ती किंमत. हंगेरी, मंगोलिया, अजमान, फुजैरा. अजमान कुठे आहे हे आमच्या भूगोलाच्या बाईंनाही सांगता आलं नव्हतं. पण अजमानच्या तिकिटावर अपोलो होतं, झगमगीत, जवळजवळ पोस्टकार्डाएवढं.

एकदा मी असं तिकीट पाण्यात भिजत घातलं आणि बशीतलं पाणी चिकट झालं. मागे डिंक शाबूत, पुढे कोपऱ्यात सुबक गोल शिक्का. म्हणजे हे कधी पत्रावर चिकटलंच नव्हतं! छापतानाच शिक्का मारून आमच्यासारख्या पोरांना विकायला पाठवलेलं. एका गोटीने सुरू झालेला व्यवहार कंपासपेटी देऊन पुरा केला होता मी. (कंपासपेटीचं घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.)

खरी माझी आवडती मात्र रशियन तिकिटं. अलेक्सेई लिओनोव आणि आंद्रेई सोकोलोव यांच्या चित्रांची. लिओनोव म्हणजे १८ मार्च १९६५ ला यानाबाहेर अंतराळात तरंगणारा पहिला माणूस. हा गडी रंगीत पेन्सिली घेऊन गेला होता. तरंगत जाऊ नयेत म्हणून त्या दोऱ्यांनी मनगटाच्या पट्ट्याला बांधलेल्या. तिथे वर बसून त्याने सूर्योदय काढला, पृथ्वीच्या कडेवर रंगांचे पट्टे. चुकलेलं आकाश म्हणताय, तर हे एक न चुकलेलंही असू द्या.

दोनची नोट:
आमच्याकडे मासिकं नव्हती आणि तिकिटंही नव्हती. दोन रुपयांची नोट होती. आधी तिच्यामागे वाघ असायचा, मग आर्यभट आला. १९ एप्रिल १९७५ ला सोडलेला आपला पहिला उपग्रह. सोडला रशियातून, पण आपला.

मला तो उपग्रह आहे हे बरेच दिवस माहीतच नव्हतं. मी त्याला आकाशकंदील समजत होतो. हसू नका, नोट मिळाली तर बघा: २६ पैलूंचं ते धूड हुबेहूब आपल्या दिवाळीच्या कंदिलासारखं दिसतं. मोठ्या भावाने एका दिवाळीत नोट समोर ठेवून बांबूच्या कामट्यांचा तसाच कंदील केला, जिलेटिनऐवजी चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद लावून. उजेड बाहेर येईना. आई म्हणाली, "अरे, कंदील टांगलास की डबा?" खऱ्या आर्यभटाचीही काही दिवसांतच वीज बिघडून प्रयोग बंद पडले होते, हे मोठेपणी वाचलं तेव्हा भावाला मुद्दाम फोन करून सांगितलं.

पासाडेनाकर:
मी कॅलिफोर्नियात असते. इथे जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेत एक चौकट लावलेली आहे, ती पाहिल्यापासून कुणाला तरी सांगायचं होतं.

जुलै १९६५. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि फोटो पाठवू लागलं. एकूण बावीस, प्रत्येकात आडवे दोनशे, उभे दोनशे ठिपके, आणि एकेक फोटो यायला आठ-दहा तास. यानातला फोटो साठवणारा टेपरेकॉर्डर नीट चालला की नाही ही धाकधूक, त्यामुळे संगणकाने चित्र तयार करेपर्यंत इंजिनिअरांना दम निघेना. त्यांनी आलेले नुसते आकडे कागदी पट्ट्यांवर छापले, पट्ट्या फळीवर शेजारी शेजारी स्टेपल केल्या आणि आकड्यांप्रमाणे हाताने रंग भरायला बसले. रंगीत खडू आणायला एक जण चित्रकलेच्या दुकानात गेला, तिथे खडू नव्हते, म्हणून पेस्टल मिळाले.

जवळून पाहिलं की रंगाखालचे आकडे अजून वाचता येतात. दुसऱ्या ग्रहाचं जवळून घेतलेलं पहिलं चित्र, आणि बालवाडीतल्यासारखं रंगवलेलं. रंग तपकिरी-तांबडे निवडले ते फक्त छटा नीट वेगळ्या दिसाव्यात म्हणून. ते मंगळाशी जुळले हा योगायोग. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की आमचा घोळका पुढे निघून गेला.

रविवार पुरवणी:
मंगळावरून आठवलं. १९७६ साली व्हायकिंग यानाच्या पहिल्या रंगीत फोटोत मंगळाचं आकाश निळं आलं होतं. नंतर रंग दुरुस्त केले तेव्हा ते गुलाबीसर निघालं. आमच्या पेपरात दोन्ही वेळेला करडंच होतं.

वाकडी मान:
थोडा मिठाचा खडा टाकतो. जुन्या चित्रांतलं ते निमुळतं, चार पंखांचं, डौलदार रॉकेट आठवतं ना? दिवाळीच्या रॉकेटांच्या पाकिटावर येतं तेही तेच. तो आकार जर्मनीच्या व्ही-२ चा. डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलेलं आणि लंडन, अँटवर्पवर डागलेलं अस्त्र. ते करणारा व्हेर्नर फॉन ब्राउन १९५२ पासून अमेरिकेच्या 'कॉलियर्स' साप्ताहिकात अंतराळस्थानकांचे आराखडे लिहीत होता आणि त्यांना चित्रं होती तुमच्या बोनस्टेलचीच. चित्रं मलाही आवडतात. पण रॉकेट दिसलं की मी आता जरा थांबतो.

निळी शाई:
@वाकडी मान, हे माहीत होतं, पण पुस्तक उघडताना सोयीस्कर विसरले होते. राहू द्या खडा.

बैलगाडी:
आमच्या काकांनी गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर आपल्या इस्रोच्या ॲपल उपग्रहाचा तो बैलगाडीवरचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं, "तेव्हा आपल्याकडे ट्रकलाही पैसे नव्हते." काका, आदर राखून सांगते, ट्रक होता. १९८१ सालचा तो फोटो अँटेनाच्या चाचणीचा आहे. ट्रकच्या लोखंडाने मोजमाप बिघडतं, म्हणून लाकडी गाडी आणली होती. तो फोटो मला म्हणूनच आवडतो. त्यात बिचारेपण नाही, डोकं आहे. बैल मात्र कॅमेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

निळी शाई:
काय एकेक निघतंय! एक मदत हवी होती. ट्रंकेला कधीतरी ओल लागली असावी, चित्रांची दोन झिलईची पानं एकमेकांना चिकटली आहेत. एका कडेला शनीची कोर दिसतेय, पलीकडे बहुतेक चंद्र. कशी सोडवू?

डिंक शाबूत:
ताई, पाण्याला लावू नका, ती तिकिटं नव्हेत. ओढूही नका. दादरला कागद दुरुस्त करणारे एक गृहस्थ माहितीत आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. अगदी एकच वाचणार असेल तर चंद्र सोडा, शनी वाचवा.