विषय: रेडॉनवाल्याचं सर्टिफिकेट (न्यू जर्सी)

मंडळी, नमस्कार.
मॉरिस काउंटीत घर घेतोय. इन्स्पेक्शनमध्ये बेसमेंटचा रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) लिटरमागे ६.८ पिकोक्युरी आला. विकणारा म्हणतो, "माझा माणूस रेडॉन बाहेर ओढून टाकणारा पाइप-पंखा बसवून देईल, सर्टिफाइड आहे." कार्डाचा फोटोही पाठवलाय, पण कार्ड पेनसिल्व्हेनियाचं. चालेल का? क्लोजिंग (घराचा अंतिम व्यवहार) तोंडावर आलंय, घोळ नकोय.
— स्ने., पार्सिपनी

---

अगं, नाही चालणार.

न्यू जर्सीत पैसे घेऊन लोकांच्या घरातला रेडॉन मोजायचा किंवा काढायचा, तर इथल्या डीईपीचं, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, सर्टिफिकेट लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या खात्याचं नावही डीईपीच, त्यामुळे गफलत होते. एनआरपीपी किंवा एनआरएसबी या देशपातळीवर रेडॉनवाल्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचं कार्ड इथे एकटं पुरत नाही. ज्या राज्यांत स्वतःचं लायसन्स नाही, तिथे त्यांच्यावरच भिस्त. ईपीएनं (केंद्राच्या पर्यावरण खात्यानं) तर पास झालेल्या रेडॉनवाल्यांची यादी ठेवायचा आपला कार्यक्रम १९९८ मध्येच गुंडाळला. जाहिरातीत 'ईपीए सर्टिफाइड' दिसलं की मी पुढे वाचतच नाही.

शिवाय मोजणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट वेगळं, काढणाऱ्या कंपनीचं वेगळं, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांचं आणखी वेगळं. होम इन्स्पेक्टरकडे रेडॉनचं असतंच असं नाही, तेव्हा तुमचा ६.८ कोणी मोजला तेही विचार. डीईपीच्या वेबसाइटवर कंपन्यांची यादी आहे, नाव ताडून बघ.

आकड्याला घाबरू नकोस. ४ झाला की ईपीए दुरुस्ती करा म्हणतं, आणि ६.८ सहसा एका पाइप-पंख्यात खाली येतो. पण नंतर पुन्हा मोजायचं: पंखा सुरू होऊन २४ तास उलटल्यावर, ३० दिवसांच्या आत. मोजणारा पंखेवाल्याचा नको. आपलाच पेपर आपणच तपासल्यासारखं होतं ते.
— काका, एडिसन

---

माझी भर. आम्ही घेतलेल्या घरात सिस्टम आधीपासून होती, म्हणून निर्धास्त होतो. पाइपवर यू आकाराची नळी असते, रंगीत द्रव भरलेली. दोन्ही बाजूंचा द्रव एका पातळीत दिसला की समजायचं, पंखा ओढत नाहीये. आमचं तसंच होतं! वर पंखा बेसमेंटमध्येच ठोकलेला. तो अटिकमध्ये किंवा घराबाहेर हवा. पंख्याच्या पुढच्या पाइपात हवा दाबाखाली असते, सांध्याला फट पडली की ओढलेला रेडॉन परत घरात. बसवणाऱ्याकडे सर्टिफिकेट नव्हतंच. सगळं नव्यानं करून घेतलं.
— वहिनी, ब्रिजवॉटर

---

काका, वहिनी, आभार. वकिलामार्फत कळवलं: काम डीईपीच्या यादीतल्या कंपनीकडून, रीटेस्ट आमच्या माणसाकडून. विकणारा कुरकुरतोय, म्हणतो त्यापेक्षा क्रेडिट घ्या (म्हणजे कामाचे पैसे व्यवहारात वळते करून घ्या). घ्यावं का?
— स्ने.

---

घे की. मग कंपनी तू निवडशील. फक्त आकडा ठरवायच्या आधी दोघा-तिघांकडून भाव मागव. पाइप घराच्या आतून अटिकपर्यंत न्यायचा तर बाहेरून नेण्यापेक्षा बहुधा महाग पडतो, आणि तुला बाहेरच्या भिंतीवर पांढरा पाइप आवडणार नाही, असा माझा अंदाज.
— काका