'पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंपा'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न, रत्नागिरीहून

आमरस डबाबंद करणाऱ्या एका छोट्या कारखान्यासाठी मी यंत्रांवर लावायचे मराठी तक्ते लिहून देतो आहे. रसाच्या पंपापाशी येऊन अडलो. पुस्तिकेत 'पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंप' असं होतं. शब्दाला शब्द लावून मी 'धन विस्थापन पंप' लिहिलं. आंबे सोलणाऱ्या काकूंनी तक्ता वाचला आणि विचारलं, "धन कसला ओ ह्यात?" मला सांगता येईना.

नंतर विचार केला तर चूक माझीच. शाळेतल्या भौतिकशास्त्रात विस्थापन धन असतं तसं ऋणही असतं, दिशा उलटली की. या पंपाच्या नावातल्या 'पॉझिटिव्ह'ला तसा जोडीदार नाही. तिथे अर्थ 'हमखास', 'ठाम' असा आहे: एक फेरा झाला की ठरलेलं माप पुढे गेलंच पाहिजे. शिवाय 'विस्थापन' म्हटलं की आपल्याकडे धरणाखाली गेलेली गावं डोळ्यांसमोर येतात.

पंपाचं काम सांगतो, म्हणजे शब्द सुचवायला बरं पडेल. विहिरीवरचा नेहमीचा पंप पात्यांचं चाक मिनिटाला २८००-२९०० वेळा फिरवतो आणि पाणी अक्षरशः भिरकावतो. पाण्याचं त्यात काही बिघडत नाही. रसाचं बिघडतं. एका ठिकाणी हाताशी होता म्हणून पाण्याचाच पंप रसाला लावलेला मी पाहिला आहे. पाइपातून रस आला तो फेसाळलेला, आणि चाक उघडलं तर आंब्याचे धागे पात्यांना काथ्यासारखे वेढलेले. हवा मिसळलेला तो रस बघताबघता काळवंडायला लागला. हापूसचा तो रंग उतरताना बघवत नाही.

दुसऱ्या जातीचा पंप भिरकावत नाही. तो थोडा रस पोकळीत घेतो, मागची वाट बंद करतो, पोकळीच पुढे सरकवतो आणि तिकडे रिकामी करतो. फेरे कमी, घुसळण कमी. या अख्ख्या जातीला एक सुटसुटीत मराठी नाव हवं आहे.

प्रतिसाद, दापोलीहून

'घोटपंप' कसा वाटतो? आपला घसा हेच करतो. घास मागून आवळला जातो आणि पुढे सरकतो. डायलिसिसच्या यंत्रावरही हीच युक्ती: मऊ नळीवरून रूळ फिरतात, नळी दाबत रक्त पुढे नेतात. रक्त नळीबाहेर कशालाच लागत नाही.

मूळ लेखक

कल्पना नेमकी आहे, पण शब्दाची मला भीती वाटते. 'घोट' म्हटलं की लगेच 'घोटणं' येतं. वरण घोटतात, औषध खलात घोटतात. या पंपाने जे मुळीच करू नये तेच नेमकं. शिवाय तुम्ही म्हणता तो नळीचा पंप या कुळातला एक. आमच्या कारखान्यात आहे तो लोबचा: दोन जाड पाकळ्यांचे गोळे एकमेकांना न लागता फिरतात. काकवी, मळीसारख्या चिकट मालाला पेचाचा असतो, ज्याला सगळे 'मोनो' म्हणतात. रबरी खोळीत लोखंडी पेच फिरतो. तो कोरडा चालवला तर रबर जळून जातं. या सगळ्यांना पोटात घेणारा शब्द हवा.

प्रतिसाद, गुहागरहून

आमच्या आगरात रहाट होता. माळेला लोटे बांधलेले. बैल सावकाश चालला तर पाणी कमी, जोरात चालला तर जास्त, पण एका लोट्यात मावायचं तेवढंच मावायचं. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की माळ वाढवायची, लोट्याचं माप तेच. तुमचा पंप मला रहाटाचा वंशज वाटतो. 'लोटपंप' म्हणा.

प्रतिसाद, देवगडहून

धार काढणाऱ्याचा हात बघा. अंगठा आणि तर्जनीने सड वर आवळायचा, म्हणजे दूध परत कासेत चढत नाही. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक मूठ मिटत आणायची. आधी कोंडायचं, मग ढकलायचं. वर आवळलं नाही तर नुसती ओढाताण होते आणि गाय लाथ मारते. म्हणून मी 'कोंडपंप' म्हणेन.

मूळ लेखक

देवगडकर, तुमचा हात मी तक्त्यावर चित्र म्हणून काढणार आहे. इतकं सोपं मला दोन पानांत सांगता आलं नव्हतं. पण 'कोंड' म्हणजे आपल्याकडे नदीतला डोह, आणि 'कोंडी' म्हणजे अडकलेली वाहतूक. चालणाऱ्या यंत्राला थांबलेल्या पाण्याचं नाव नको.

रहाटावरून मात्र 'खेप' सुचला. पाण्याच्या दोन खेपा, होडीच्या चार खेपा असं सगळेच म्हणतात. खेपेत माप ठरलेलं असतं, आणि किती खेपा झाल्या त्यावरून माल मोजता येतो. पंपाचंही तेच: फेरे दुप्पट, रस दुप्पट. तेव्हा हा 'खेपेचा पंप', आणि विहिरीवरचा 'भिरकावणारा पंप'. सरकारी 'अपकेंद्री'पेक्षा काकूंना तो पटकन कळेल.

प्रतिसाद, चिपळूणहून

'खेपेचा' मान्य. पण तक्त्यावर 'घट्ट द्रवांसाठी' लिहू नका. घट्ट म्हटलं की मुलं घनता समजतात. खोबरेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे घनता कमी, तरी पाण्यापेक्षा सावकाश वाहतं. द्रव किती सावकाश वाहतो त्याला पुस्तकात 'श्यानता' म्हणतात, पण ते कामगारांना कळणार नाही.

मूळ लेखक

बरोबर. रसाला 'दाट', काकवीला 'चिकट' असं वेगवेगळंच लिहितो. आणि यात एक गंमतीची गोष्ट आहे: द्रव जितका दाट, तितकं या पंपाचं माप जास्त पक्कं. पाकळ्यांमधल्या फटीतून पाण्यासारखं पातळ काही असेल तर मागे निसटतं, दाट रस निसटत नाही. भिरकावणारा पंप उलट दाट मालात दमतो.

तक्त्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हे जाईल: पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून खेपेचा पंप कधीही सुरू करू नका. भिरकावणारा पंप बंद वाटेवर थोडा वेळ नुसता घुमत राहतो. खेपेचा पंप माप ढकलतच राहतो, दाब चढत जातो आणि पाइप फुटतो किंवा मोटर बसते. म्हणून त्याला जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह लावावाच लागतो. देवगडकरांचा 'कोंड' शब्द मी इथे वापरतो: "वाट कोंडू नका."

आता एकच शब्द उरला. फटीतून मागे निसटणाऱ्या रसाला 'स्लिप' म्हणतात. गुहागरकर, लोट्याला चीर गेली की चढताना पाणी परत विहिरीत ठिबकायचं, त्याला आगरात काही नाव होतं का?