फोर्टनाइट म्हणजे १४ दिवस की १५?

चर्चगेट_स्लो: मंडळी एक बावळट प्रश्न. अमेरिकेतल्या क्लायंटला मेल टाकला, विदिन अ फोर्टनाइट काम देतो म्हणून, तर त्याचा उलट मेल, हे त्या गेमबद्दल आहे का? 😅 आपण तर शाळेपासून हा शब्द वापरतोय. आता टीममध्ये वाद, मी म्हणते १५ दिवस, शेजारचा म्हणतो १४. आणि यात फोर्ट कुठून आला, आमचं ऑफिसच फोर्टात आहे म्हणून सगळे पीजे मारतायत.

गिरगावचा_आजोबा: शेजारचा बरोबर. फोर्टचा, किल्ल्याचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत फेओवेर्तीने निख्त म्हणजे चौदा रात्री, ते बोलून बोलून झिजलं आणि फोर्टनाइट झालं. तसाच सेनाइट पण होता, सात रात्री म्हणजे आठवडा, तो बिचारा मेला. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे फोर्टनाइट टिकला, अमेरिकन लोक सरळ टू वीक्स म्हणतात.

चर्चगेट_स्लो: पण रात्री का मोजायच्या? पगार तर दिवसाचा मिळतो 🙄

गिरगावचा_आजोबा: अगं जुन्या जर्मन टोळ्यांची पद्धतच ती. टॅसिटस नावाच्या रोमन लेखकाने इ.स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलंय की ही माणसं आपल्यासारखे दिवस नाही मोजत, रात्री मोजतात. इंग्रजी त्याच घराण्यातली. आणि हसू नकोस, आपण नवरात्र म्हणतोच ना, नऊदिवस कोण म्हणतं?

खिडकीतली_सीट: तुझा १५ चा घोळ पंधरवड्यामुळे झालाय. आपला पंधरवडा चंद्राचा, १५ तिथींचा. अमावस्या ते अमावस्या साधारण साडेएकोणतीस दिवस, त्याचं अर्धं पावणेपंधराच्या आसपास येतं, म्हणून तिथीचा क्षय झाला की पक्ष १४ दिवसांतही उरकतो. आमच्याकडे पितृपंधरवड्यात दरवर्षी आई कॅलेंडर घेऊन बसते आणि काकू फोनवरून भांडते की सप्तमी आज का उद्या. इंग्रजांचं बरंय, सात दुणे चौदा, विषय संपला.

लोअरपरळकर: आमच्या पोराला सांगितलं हा जुना शब्द आहे तर म्हणतो बाबा गेमचं स्पेलिंग वेगळंय. खरंच वेगळंय, आणि गेममध्ये मात्र खरोखर किल्ले बांधतात 😂

चर्चगेट_स्लो: म्हणजे माझा एक दिवस गेला की हो. मी १५ धरून शनिवारची डेडलाइन लावलेली, ती आता शुक्रवार. शेजारच्याला अजून सांगितलेलं नाही.