लडाख राहूदे, आधी पाबे घाट! लॉकडाऊनने बाईकवाल्यांना शहाणं केलं का?

निवांत_१२५: २०२० च्या जूनमध्ये मनालीमार्गे लेह ठरलं होतं, सुट्ट्या टाकलेल्या, सॅडलबॅगसुद्धा घेऊन ठेवलेल्या. २५ मार्चपासून लॉकडाऊन आणि गाडी पार्किंगमध्ये. दोन महिन्यांनी कव्हर काढलं तर बॅटरी झोपलेली आणि सीटखाली उंदराने वायरी कुरतडून कापसाचं मस्त घरटं केलेलं. पुढे जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, आणि फिरायला जायचंय म्हणून तो कोण देणार. २ सप्टेंबरला पास गेला तरी लांब जायची हिंमत होईना, घरात आईबाबा. मग रविवारी पहाटे निघायचं, खडकवासला, खानापूर, पाबे घाट, वेल्हे आणि नसरापूरवरून हायवेला लागून दहाच्या आत घरी. पंधरा वर्षं पुण्यात राहून हा घाट पाहिला नव्हता आणि लडाखची खारदुंग ला खिंड मात्र पाठ, जिथल्या बोर्डावरची १८,३८० फूट उंचीसुद्धा खरी नाही! एकाच घाटातून वीसेक वेळा गेलं की कुठल्या वळणावर खडी येते, कुठे शेवाळ धरतं, सगळं कळतं. आता सगळं खुलं झालंय तर ग्रुपवर परत लेह लेह सुरू. मी नाही जात. शंभर किलोमीटरच्या आतलं फिरणं हेच खरं फिरणं, बोला.

टाकी_फुल्ल: कोल्ह्याला द्राक्षं आंबट 😄 दहाच्या आत घरी म्हणजे गाडीवर बसून मॉर्निंग वॉक झाला की रे. लांबच्या प्रवासात तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते, चेन सैल पडते, पंक्चर काढणारा चाळीस किलोमीटरवर असतो आणि तिथे अनोळखी माणूस मदतीला येतो, ते तुझ्या नसरापुरात कुठून मिळणार? अडचण होती तेव्हा जवळ फिरलास ते बरोबरच, पण आता त्याचं तत्त्वज्ञान नको करूस.

तोरण्याखालचा: शंभर किलोमीटरच्या आत, जवळ, असं म्हणताय ते कुणाच्या जवळ? तुमच्या. आमचं ते गाव आहे. एप्रिलमध्ये आम्ही रस्त्यावर बाभळीची झुडपं टाकून वाट बंद केलेली. माझा सख्खा भाऊ मुंबईहून आला तर चौदा दिवस शाळेत ठेवला, आई डबा फाटकाशी ठेवून दहा पावलं मागं सरायची, तो बाहेर येऊन डबा उचलायचा आणि तिथनंच विचारायचा, गाय व्याली का. पोटच्या पोराला आम्ही लांब ठेवत होतो आणि त्याच रस्त्यानं तुमच्या गाड्या फडफडत यायच्या.

निवांत_१२५: दादा, तेव्हा मी नव्हतो. पास गेल्यावरच निघालो, तेही डबा पाणी घरचं, मास्क लावून, कुठे गावात थांबलो नाही.

तोरण्याखालचा: पास गेला म्हणजे रोग गेला का? पहिली लाट सप्टेंबरच्या मध्यावरच तर शिगेला होती. आणि थांबला नाहीत म्हणता, म्हणजे आमच्यात एक रुपया पण सोडला नाहीत, नुसता आवाज सोडून गेलात. २०२१ ला तर पर्यटनाला बंदी असून पावसाळ्यात लोक यायचेच, भाताची आवणी चाललेली असायची आणि बांधावर गाड्या लावून फोटो. चिखलात बैल बुजला की काय होतं ते औताला धरणाऱ्याला विचारा.

निवांत_१२५: सप्टेंबरचं मान्य. नियमात बसतंय एवढंच बघितलं मी, पुढचा विचारच केला नाही.

स्कूटीवाली_ताई: तुमचं जवळ की लांब चालू दे, मला वेगळंच बोलायचंय. मी लॅबमध्ये कामाला, त्या काळात ओळखपत्र दाखवून रोज ये-जा. ड्युटीवरून परतताना दहा मिनिटं खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत उभी राहायचे, हेल्मेटची काच वर करून, मास्क मात्र नाही काढायचे. घरी सांगितलं नव्हतं. तेच माझं पहिलं एकटीचं फिरणं. आता दर महिन्याला कुठेतरी जाते, भोर, भाटघर वगैरे, संध्याकाळी घरी. लेहला जायचं तर घरात चार जणांना विचारावं लागतं, भोरला कुणालाच नाही. @टाकी_फुल्ल, मॉर्निंग वॉक म्हणा नाहीतर काहीही.

टाकी_फुल्ल: ताई तुमचा मुद्दा वेगळा, मान्य. पण बाकीच्यांचं बघा ना, जवळचं जवळचं करत सगळे एकाच घाटात. पावसाळ्यात रविवारी ताम्हिणीत जाऊन दाखवा, धबधब्यापाशी अर्ध्या रस्त्यात गाड्या, मधोमध रील चालू. लांब जाणारे निदान विखुरले तरी जातात. आणि २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली म्हणून निम्मे लोक जवळ फिरायला लागले, उगाच निसर्गप्रेम सांगू नका.

निवांत_१२५: पेट्रोलचं पण आहेच, नाही कशाला म्हणू.

तोरण्याखालचा: तसं बघायला गेलं तर येऊ नका असं आता मला पण म्हणवत नाही. भाऊ परत मुंबईला गेलाच नाही, रस्त्याला टपरी टाकलीय, चहा, भजी, मॅगी. शनिवार-रविवार तुमच्यावरच चालते. आई मात्र अजून चिडते, सायलेन्सर वाजला की दार लावून घेते.

निवांत_१२५: कुठे आहे टपरी? या रविवारी थांबतो.

तोरण्याखालचा: इथं नाही सांगत, रील निघंल. आणि वळणं पाठ आहेत म्हणताय तर ऐका, वेल्ह्याकडं उतरताना खालच्या वळणावर कालच्या पावसानं मुरूम आलाय. हळू घ्या.