पानगळीचे रंग दोन आठवड्यांचे

‘ते लाल-केशरी रंग पाहून अमेरिकेतला फॉल, म्हणजे पानगळीचा ऋतू, कुणाला आवडणार नाही?’ या प्रश्नाला माझं उत्तर : मला नाही आवडत. हरितद्रव्य ओसरलं की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो, हे सुंदर आहे, मान्य. पण ते दोन आठवडे. मग अंगणात ओल्या पानांचा थर बसतो, खालची पानं काळी पडून एकमेकांना चिकटतात, दाताळं त्यात अडकतं आणि तो कुजका वास हातमोज्यांतून जाता जात नाही.

त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उन्हाळी वेळ संपून घड्याळं तासभर मागे जातात. सोमवारी कामावरून निघावं तर बाहेर काळोख! याचा मनावर होणारा परिणाम हे काही नुसते लाड नाहीत. ऋतुमानाशी जोडलेल्या नैराश्याला १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय नाव दिलं.

आणि हॅलोविन, ऑक्टोबरअखेरचा तो भुताखेतांचा सण. माझे वडील सप्टेंबरात गेले, त्या वर्षी समोरच्या हिरवळीवर थर्माकोलची थडगी मांडली होती. रोज सकाळी पडदा उघडला की तीच. शेजाऱ्यांचा काही दोष नव्हता, पण तेव्हापासून ती सजावट मला बघवत नाही. भोपळ्यांचंही तसंच. कोरलेला भोपळा काही दिवसांतच आतून बुरसटतो, त्याचं तोंड आत वळतं आणि चांगलं अन्न कचऱ्यात जातं. जीव तुटतो.

दारात आलेल्या पोरांना मात्र मी मूठभर चॉकलेटं देते. त्यांच्यावर माझा राग नाही.