मदत हवी आहे: वरून खाली गोल विणलेल्या टोपीची कड कपाळाला काचते

आईची केमो चालू आहे. केस गेले तेव्हापासून रात्री पंख्याखाली डोक्याला गार लागतं म्हणते. लोकर तिला टोचते, म्हणून मऊ सुती धागा आणला आणि माथ्यापासून खाली गोल टोपी विणली. शिवण कुठेच नको होती, केस नसलेल्या त्वचेला बारीकशी गाठसुद्धा कळते. शिवाय अशी टोपी विणता विणता डोक्यावर घालून बघता येते.

दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुयांवर ८ टाक्यांनी सुरुवात केली. एका फेरीत ८ टाके वाढवायचे, पुढची फेरी साधी सुलट. आधी दर तिसऱ्या फेरीला वाढवत होते, तर माथ्यावर शंकूसारखं टोक आलं. ते सगळं उसवलं. आता माथा छान बसलाय. १३ वेळा वाढवून ११२ टाके झाले, मग साडेतीन मिमीच्या गोल सुईवर घेतले. १० सेंमीत २२ टाके बसतात, म्हणजे घेर ५१ सेंमी. आईचं डोकं ५४.

अडचण आहे ती कडेची. शेवटी ५ सेंमी दोन सुलट दोन उलट विणून टाके नेहमीसारखे बंद केले. पट्टी ताणते, पण बंद केलेली कड दोरीसारखी कडक राहते. तासाभराने टोपी काढली तर कपाळावर लाल वळ! आई काही बोलली नाही, टोपी मांडीवर घेऊन नुसती कुरवाळत बसली. मला ते बघवेना.

सैल हाताने बंद केलं तर कड लाटांसारखी दिसते. टाके वाढवू, की बंद करायची पद्धतच बदलू? सोमवारी पुढची केमो आहे, त्याआधी तिच्या हातात द्यायची आहे.

प्रतिसाद

ताई, टाके वाढवू नका, घेर बरोबर आहे. टोपी वरून विणल्यामुळे फक्त शेवटची फेरी उसवली की काम होतं. उजव्या हातात साडेचार मिमीची सुई घ्या. दोन टाके मागून एकत्र सुलट विणा, आलेला टाका परत डाव्या सुईवर घ्या, पुन्हा पुढच्या टाक्याबरोबर तसंच. ही कड ताणली जाते.

मी मात्र पट्टीच काढली असती. सुती धागा लोकरीसारखा परत आवळत नाही, त्यामुळे पट्टीचा तसा उपयोग नाही. नुसतं सुलट विणलं की कड आपोआप बाहेर गुंडाळते आणि कपाळाला मऊ गोळा लागतो. गुंडाळीसाठी ३ सेंमी जास्त विणा. आईंना लवकर बरं वाटू दे.

धागाकर्ती

पट्टी उसवली, ८ सेंमी सुलट विणून तुम्ही सांगितलं तसं बंद केलं. काल आई रात्रभर टोपी घालून झोपली, सकाळी वळ नाही. खूप आभार, ताई. धाग्याचं शेवटचं टोक अजून लोंबतंय, ते गुंडाळीच्या आत ओवलं तर चालेल ना, की घासेल?